पांढरी तीनवरची भैरवी

नगर,
मंगळवार, १५ फेब्रुवारी १९४४

तीर्थस्वरूप एलियामामा यांस,

शांतवनाचा दोन्ही हातांनी सलाम. देवदयेने मी इकडे बरा आहे. तुमचा डावा गुडघा कसा आहे ते सविस्तर कळवावं. काष्टीला थंडी अजून हटलेली नाही असं गोरक्ष मोटारवाला सांगत होता (त्याची मोटार हल्ली पेट्रोल मिळत नाही म्हणून कोळशाच्या गॅसवर चालते, म्हणजे बहुतेक वेळ चालत नाही, विसापूरजवळ तो दोन तास उघड्यावर बसला होता, त्यामुळे थंडीबद्दलचं त्याचं म्हणणं मी खरं धरतो). शाळेतल्या मुलांना, पाळकसाहेबांना आणि मंडळीतल्या सगळ्यांना माझा सलाम सांगावा. साळूबाई शेजारीण तुम्हाला वेळेवर भाकरी पाठवते ना? दूध-भाकरी कुस्करून खावी, उगाच कडक चावायच्या भानगडीत पडू नये.

तुमचं कार्ड काल पोचलं. त्यावर एकूण सहा शब्द आहेत. "क्लॅरिनेट गोरक्षच्या मोटारीने परत पाठव. आशीर्वाद." पहिले पाच शब्द वाचून मी खोकं शोधायला उठलो, सहावा वाचून पुन्हा बसलो. क्लॅरिनेट तुमचं आहे हे मी कधीही नाकारलेलं नाही. मामी गेल्या आणि तुमचे पुढचे दात गेले ते एकाच साली, आणि त्या साली पावसाळ्यानंतर तुम्ही ते माझ्या मांडीवर ठेवून म्हणालात की आता हे तुझ्याकडेच राहू दे. राहू दे म्हणालात, घे म्हणाला नव्हतात, हा फरक मला मान्य आहे. पण मामा, क्लॅरिनेट गेलं तर मी श्रीमंत बँडवाल्याकडे परत झांजा वाजवायला जाईन. श्रीमंतला तुम्ही ओळखता. लग्नाच्या वरातीत जो झांजा वाजवतो त्याला तो नावानेही हाक मारत नाही, "ए झांज" म्हणतो. पाच वर्षं मी त्या नावाला ओ दिलेली आहे. तेव्हा निकाल देण्याआधी माझं म्हणणं एकदा ऐकून घ्यावं, एवढ्यासाठी हे पत्र.

तुम्हाला ही बातमी आबासाहेबांनी सांगितली हे मला ठाऊक आहे. ते काष्टीहून, मी हल्ली जिथे वाजवतो त्या नगर कँपातल्या सोल्जरांच्या क्लबाला अंडी पुरवतात आणि अंड्यांबरोबर बातम्या ने-आण करतात. अंडी कधी फुटत नाहीत, बातम्या मात्र काष्टीला पोचेपर्यंत आख्ख्या राहत नाहीत. शांतवनाने दारूच्या अड्ड्यावर, गोऱ्या बायांसमोर, मामीच्या मातीला वाजवलेली भैरवी वाजवली, असं ते म्हणाले असणार. यातलं भैरवीचं खरं आहे. गोऱ्या बायांचंही खरं आहे, पण त्या इस्पितळातल्या नर्सबाया आहेत आणि संख्येने इतक्या कमी की सोल्जरांना बऱ्याचदा एकमेकांबरोबरच नाचावं लागतं. दारूचं मात्र साफ खोटं. कँपातल्या या क्लबात दर शनिवारी दुपारी चार ते सहा चहा, केक, कांदाभजी आणि नाच एवढंच असतं. (बाटलीतून काहीतरी पिणारा एक जण आहे, पण तो ड्रम वाजवतो.)

आता पहिल्यापासून सांगतो. क्लबाचा क्लॅरिनेटवाला ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेला. बँडचा म्होरक्या एक सार्जंट आहे, तो स्वतः ट्रंपेट वाजवतो. त्याने मला दाळमंडईजवळ एका वरातीत, झांजा खाली ठेवून क्लॅरिनेट फुंकताना ऐकलं आणि नवरदेवाचा घोडा थांबवून विचारलं, येतोस का. नवरदेवाने तेवढ्यात मुंडावळ्या सारख्या करून घेतल्या, घोड्यालाही विसावा हवा होता. चार शनिवार बघू, जमलं तर कायम करू, असं ठरलं. मी श्रीमंतला राजीनामा देऊन आलो (तो म्हणाला, झांजेला राजीनामा नसतो, नुसतं खाली ठेवायची).

या लोकांची रीत अशी आहे की गाणं आधी सगळ्यांनी मिळून वाजवायचं, आणि मग सार्जंट एकेकाकडे बोट दाखवतो. ज्याच्याकडे बोट, त्याने त्या गाण्यावर स्वतःच्या मनाचं वाजवायचं, बाकीच्यांनी खाली साथ धरायची. याला सोलो म्हणतात. मला वाटलं, हे तर आपलंच. पहिल्या शनिवारी माझ्याकडे बोट आल्याबरोबर मी तुम्ही शिकवल्याप्रमाणे डोळे मिटले, षड्ज लावला आणि सावकाश आलापी सुरू केली. घाई करायची नाही, सूर आपल्याकडे चालत येईपर्यंत थांबायचं, हे तुमचे शब्द. मी थांबलो. ड्रम बंद पडला, पियानो बंद पडला, तेही मला शुभच वाटलं. मध्यमापर्यंत पोचून डोळे उघडले तर नाचणारी सगळी जोडपी हातात हात आणि कमरेवर हात अशी जागच्या जागी उभी होती. भिंतीवरच्या घड्याळात सात मिनिटं गेली होती. एका सोल्जराने टोपी काढून छातीशी धरली होती. त्यांच्यात नंतर कुजबूज झाली की कुणीतरी मोठं माणूस वारलं असावं. सार्जंटाने मला चहा पाजला आणि सांगितलं की गाणं सगळं मिळून तीन मिनिटांचं असतं.

दुसऱ्या शनिवारी आलापी वर्ज्य केली. गाणं पांढरी एकचं होतं (म्हणजे पेटीची पहिली पांढरी पट्टी षड्ज), सगळे सूर शुद्ध, तेव्हा मी बिलावल धरला आणि तुमची आज्ञा आठवून मरेपर्यंत सोडायचा नाही असं ठरवलं. एकदा धरलेला राग सोडणारा माणूस आणि भरल्या ताटावरून उठणारा माणूस सारखेच, हे तुम्ही मला छडी हातात घेऊन शिकवलेलं आहे. मी मध्यमावर जाऊन छान ठेहरलो. गोड लागला. सार्जंटाने मान डोलावली. मी तिथेच ठेहरून राहिलो, आणि पाच सेकंदांत तोच सूर असा काही कडू झाला की सार्जंटाचं तोंड कारल्याची फोड चावल्यासारखं झालं. मामा, सूर तोच, मी तोच, फुंक तीच. क्लॅरिनेटची फट, पत्ती, बोटं सगळं तपासलं. काही बदललं नव्हतं. माझ्या डोक्याचा नुसता भुगा झाला.

तेव्हा मला फिलोमिनाबाईंनी वाचवलं. फिलोमिनाबाई पियानो वाजवतात. रेल्वेतल्या गार्डसाहेबांच्या पत्नी, कॅथलिक, वय पंचावन्न (वय मुद्दाम लिहितो, आबासाहेबांनी काय सांगितलं असेल देव जाणे). त्यांनी मला दाखवलं की त्या डाव्या हाताने एका वेळी एक सूर वाजवतच नाहीत, तीन-चार पट्ट्या एकदम दाबतात. मेथीच्या जुडीसारखी सुरांची जुडी. आणि ही जुडी दर दोन-चार मात्रांनी बदलते. मामा, आपल्याकडे तंबोरा एकदा लागला की षड्ज जागचा हलत नाही, बाकीचे सूर त्याच्याभोवती येऊन-जाऊन असतात. यांच्यात षड्जच उठून चालू लागतो. पांढरी एकवर जुडी दाबली की पांढरी एक घरची मालकीण. जरा वेळाने पांढरी दोनवर दाबली की मालकीण ती. जो मध्यम पाच सेकंदांपूर्वी पाहुणा म्हणून बरा दिसत होता तोच नव्या घरात आगंतुक होतो. बाई म्हणाल्या, "शांतवन, तू दाराची कडी धरून बसतोस, आणि घर पुढं निघून गेलेलं असतं." त्या रात्री मला झोप लागली नाही हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

रविवारी उपासना झाल्यावर मी मंडळीच्या हार्मोनियमवर बसलो आणि एक प्रयोग केला, तो तुम्ही तुमच्या पेटीवर करून बघाच. काळ्या पट्ट्यांना अजिबात हात लावायचा नाही. पांढरी एकला षड्ज मानून सात पांढऱ्या पट्ट्या वाजवा, बिलावल येतो. आता त्याच सात पट्ट्या पांढरी दोनला षड्ज मानून वाजवा. काफी! पांढरी तीनपासून भैरवी, चारपासून कल्याण, पाचपासून खमाज, सहापासून आसावरी. मामा, सात पट्ट्यांत सहा राग दाटीवाटीने राहतात आणि कुणी कुणाला बोलत नाही. (पांढरी सातला पंचमच सापडत नाही, म्हणून तिला मी सोडून दिलं. फिलोमिनाबाई म्हणतात ती जुडीही कधीकधी येते. आली की मी श्वास घेतो.) मला इतका आनंद झाला की मी हार्मोनियमच्या झाकणावर डोकं टेकलं. झाडू मारणाऱ्या राहीबाईला वाटलं मी प्रार्थना करतोय, ती थांबून राहिली.

मग मी एक तक्ता केला. कोणत्या जुडीवर कोणता राग. आणि इथेच घोडं पेंड खाऊ लागलं, कारण तुम्ही मला रागाची वेळ पाळायला शिकवलेलं आहे. चार ते सहाच्या दरम्यान बिलावल नाही, आसावरी नाही, भैरवी नाही, काफी-खमाज रात्रीचे, कल्याणाला दिवेलागण तरी हवी. हिशेबाने पाहता नगर कँपात शनिवारी दुपारी एकही जुडी दाबायला परवानगी नव्हती. मी फिलोमिनाबाईंना विनंती केली की पांढरी सहाची जुडी सकाळी अकराच्या आत उरकून घेता येईल का, आणि चारची साडेपाचनंतर. त्यांनी ते सार्जंटला सांगितलं. सार्जंटाने मनगटावरचं घड्याळ माझ्यापुढे धरलं. मग म्हणाला की तीन मिनिटांत सकाळ आणि संध्याकाळ दोन्ही बसवायला त्याच्याकडे जागा नाही. मी वेळेचा रकाना खोडला. मामा, ही माझी पहिली चूक, मी कबूल करतो.

तिसऱ्या शनिवारी तक्ता स्टँडला अडकवून उभा राहिलो. जुडी बदलली की राग बदलायचा. कागदावर सोपं होतं. प्रत्यक्षात काफीत शिरून चपला काढतो न काढतो तोच खमाज आला, खमाजात बसायला जावं तर बिलावल. एकाही रागाचा चेहरा धड दिसेना, सगळ्यांना नुसता ओझरता सलाम. तुमचा तो राग सोडणाऱ्या माणसाबद्दलचा धडा आठवत होता, आणि मी तर एका गाण्यात अकरा ताटांवरून उठलो होतो. सार्जंट मात्र अंगठा वर करून दाखवत होता. त्याच्या मते मला जमायला लागलं होतं. आपल्याला काही जमलेलं नसताना लोकांनी तसं म्हणणं किती वाईट असतं, हे मला त्या दिवशी कळलं.

आणि मग ते झालं. पाचच्या सुमाराचं गाणं. माझा सोलो चालू असताना फिलोमिनाबाई पांढरी तीनच्या जुडीवर आल्या आणि तिथेच राहिल्या. का राहिल्या? तर त्यांच्या नोटेशनच्या वहीला चहाच्या टेबलावरचा जॅम लागून दोन पानं चिकटली होती. पुढे काय आहे ते त्यांना दिसेना. त्या डाव्या हाताने तीच जुडी वाजवत राहिल्या आणि उजव्या हाताने, नखाने, पानं सोडवत बसल्या. ड्रमवाल्याला वाटलं असंच ठरलंय, त्याने हात हलका केला. पांढरी तीन म्हणजे भैरवी. त्या सगळ्या दुपारीत पहिल्यांदा मला पाय पसरायला जागा मिळाली. मी मुद्दाम काहीही निवडलं नाही, मामा. तक्त्याकडे बघितलंही नाही. कोमल ऋषभावर आलो, आणि तिथून तुमची भैरवी आपली आपण निघाली. मामींच्या मातीला तुम्ही कबरीच्या पायथ्याशी उभं राहून वाजवली होती तीच, मध्ये जिथे तुमचा श्वास पुरला नव्हता तिथे थांबून. मी डोळे मिटले होते. किती वेळ गेला ठाऊक नाही.

डोळे उघडले तेव्हा क्लब रिकामा झाला होता. नंतर चौकशीत जे बाहेर आलं ते असं. भटारखान्यात मच्छिंद्र आचारी भजी तळत होता. त्याने भैरवी ऐकली, कढई उतरवली, शेगडीत पाणी ओतलं आणि पंचा खांद्यावर टाकला. कुठल्याही भजनात, जलशात, कीर्तनात भैरवी झाली की उठायचं हे त्याला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं आहे. त्याला पाहून वेटरांनी टेबलावरच्या चादरी ओढून घड्या घातल्या. बाहेरच्या अकरा टांगेवाल्यांनी घोडे जुंपून टांगे दाराशी आणले. पहारेकऱ्याने फाटकाची दोन्ही दारं उघडून सलाम ठोकला. आणि सोल्जर लोकांची शिस्त अशी की चादरी निघाल्या, दारं उघडली, म्हणजे वरून हुकूम आला. तो कुणी दिला हे विचारायचं नसतं. ते जोडीदार सोडून दोन-दोनच्या रांगेत बाहेर पडले आणि बराकीकडे चालते झाले. नर्सबाया टांग्यांत बसल्या. आबासाहेबांनीसुद्धा अंड्यांच्या पाट्या उचलल्या (हे त्यांनी तुम्हाला सांगितलं नसेल). पाच वाजून दहा मिनिटांनी क्लबाचे कारभारी मेजरसाहेब पाहुण्या कर्नलसाहेबांना क्लबाची रौनक दाखवायला आत घेऊन आले, तेव्हा दिवाणखान्यात मी, ड्रमवाला, वहीत तोंड घातलेल्या फिलोमिनाबाई, आणि ट्रंपेट हातात धरून उभा असलेला सार्जंट एवढेच होतो.

सोमवारी चौकशी बसली. मेजरसाहेबांनी मच्छिंद्रला विचारलं, कुणाच्या हुकमाने आवरलं. तो म्हणाला, "हुकूम कशाला पायजे सायेब? भैरवी झाली. भैरवी झाल्यावर कोन बसतंय व्हय?" मग अकरा टांगेवाल्यांना वेगवेगळं आत बोलावलं. अकरा जणांनी शब्दाला शब्द तेच सांगितलं. त्यावर मेजरसाहेबांचा चेहरा उतरला, कारण एवढी एकवाक्यता पाहून त्यांना वाटलं ही चळवळीची खूण असणार. तक्ता जप्त झाला. "काफी ते खमाज, चार मात्रांत" या वाक्याचा अर्थ लावायला एक मुन्शी बोलावला, तो दोन तास बसून चहा पिऊन गेला. शेवटी फिलोमिनाबाईंनी जॅम लागलेली वही मेजरसाहेबांच्या टेबलावर ठेवली आणि सगळं समजावून सांगितलं.

आणि मामा, आता बसून वाचा. मेजरसाहेब हसले. म्हणाले, दर शनिवारी सहा वाजता या सोल्जरांना क्लबातून बाहेर काढायला मला मिलिटरी पोलीस बोलवावे लागतात, दोन खुर्च्या आणि एखादं नाक मोडतं. गेल्या शनिवारी नाक जाऊ द्या, एक बशीसुद्धा फुटली नाही. तेव्हा या माणसाला कायम करा. त्याने सोलो पाहिजे तसा वाजवावा, पण बरोबर सहाच्या ठोक्याला पांढरी तीनवर ते वाजवावं. असा लेखी हुकूम निघाला. त्याखाली शिक्का आहे.

आता तुम्ही म्हणाल, मामीची भैरवी म्हणजे काय क्लब रिकामा करायची घंटा आहे का. हे मला तुमच्याआधी वाटलं होतं. पण खरं सांगतो, त्या शनिवारी मी डोळे मिटले तेव्हा समोर क्लब नव्हता. मामी होत्या, अंगणात बसून माझ्या सदऱ्याला गुंडी लावत होत्या आणि मी चुकीचा गंधार लावला की दोऱ्याची गाठ तोंडात धरूनच हुं म्हणत होत्या. त्या माझ्या आईसारख्या होत्या, आणि मातीच्या दिवशी मला रडता आलं नाही, कारण तुम्ही वाजवत होतात आणि मला झांज धरायला सांगितली होती. ते रडू दोन वर्षांनी, नगर कँपात, जॅममुळे बाहेर आलं. त्यात मी तुमचा अपमान केला असेल तर मला क्षमा करा. राग मी सोडला नव्हता. जमीन सरकत होती, मी फक्त पाय उचलत होतो, आणि जिथे ती थांबली तिथे तुम्हीच भेटलात.

तेव्हा क्लॅरिनेट माझ्याकडे राहू द्यावं, एवढीच हात जोडून विनंती. गुडघ्याला मोहरीचं तेल कोमट करून लावावं. मोठ्यांना सलाम, लहानांना गोड पापा.

तुमचा आज्ञेत नसलेला पण असू इच्छिणारा भाचा,
शांतवन

ता. क. तुमच्या आज्ञेप्रमाणे क्लॅरिनेटचं खोकं गोरक्षच्या हाती या पत्राबरोबरच पाठवत आहे. आज्ञा मोडली असं कुणी म्हणू नये.

ता. क. दुसरा. खोकं उघडलं असेल तर रागावू नये. आत दोन डबे बिस्किटं आहेत, चहात बुडवून दातांशिवाय खाता येतात. क्लॅरिनेट माझ्यापाशीच आहे, कारण येत्या शनिवारी ते लागणार आहे.

ता. क. तिसरा. मामा, वर मी एक गोष्ट लिहिली नाही. सहाच्या ठोक्याचा पहिला शनिवार होऊन गेला, बारा तारखेचाच. सहा वाजले. फिलोमिनाबाईंनी पांढरी तीन दाबली. मी भैरवी वाजवली, एकही सूर इकडचा तिकडे नाही, कोमल ऋषभावर थांबलो, श्वास पुरला नाही तिथेही थांबलो. कुणी उठलं नाही. टांगेवाले विड्या ओढत राहिले. मच्छिंद्रने कढईत नवा घाणा सोडला. दोन सोल्जर तर त्यावर नाचायला लागले, हे मला सगळ्यात जास्त लागलं. मागाहून मी मच्छिंद्रला विचारलं तर म्हणाला, "सूर समदे हायती, पर कुनी चाललंय असं वाटंना." मेजरसाहेबांनी हुकूम परत मागितला नाही, पण आणखी एकच शनिवार म्हणाले आहेत. मी तीन दिवस वाजवतोय. येत नाही. कोणत्या जुडीवर कोणता राग हे मला आता झोपेत विचारलं तरी सांगेन, पण तुमचं ते त्या तक्त्यात नाही. तेव्हा शनिवारी तुम्ही स्वतः या. दिवाणखान्यात आपल्याला बसू देत नाहीत, पण मच्छिंद्रच्या शेजारी स्टूल ठेवलं आहे आणि खरं म्हणजे तिथूनच चांगलं ऐकू येतं. सहाला पाच मिनिटं असताना मी तिथे येईन, तेव्हा माझ्या कानाशी फक्त पहिले चार सूर गुणगुणा, मामींना ऐकवल्यासारखे. त्याला दात लागत नाहीत. मग क्लॅरिनेट खुशाल घेऊन जा, मी माझ्या हाताने पुसून देईन. पण भैरवी देऊन जा.

ता. क. शेवटचा. गोरक्षला शनिवारी परतीच्या दोन जागा धरायला सांगितल्या आहेत, एक तुमची आणि एक क्लॅरिनेटची. तो विचारतोय दुसरी नक्की लागणार का, नाहीतर तिथे तो एक शेळी घेणार आहे. मी त्याला म्हटलं, सहा वाजून दहा मिनिटांनी मामा सांगतील.